औषध, सुख की प्रसाद?

सूर्य धनु राशीत शिरला की आमच्या भागात देवळाचा दिवस लवकर सुरू होतो. डिसेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंतचा हा महिना. पंचांग त्याला धनुर्मास म्हणते. बायकांच्या तोंडी तो धुंधुरमास होतो. बीदरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० फूट उंच आहे. ह्या दिवसांत पहाटेचा पारा कित्येकदा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि देवळाची फरशी अनवाणी पायांना झोंबते. काकड आरती आटोपते, मुगाच्या खिचडीचा नैवेद्य होतो, आणि मग सभामंडपाच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या पातेल्याकडे सर्वांचे लक्ष हळूच वळते. त्या पातेल्यात कषाय असतो.

गेल्या धनुर्मासात रांगेत उभ्या असलेल्या एका मुलाने हातात पेला घेतला आणि आम्हांस विचारले, “आजोबा, हा प्रसाद, की औषध, की नुसता चहा?” पुजारी म्हणाले, “प्रसाद आहे, उजव्या हातात घे.” शेजारी उभे असलेले, थोडेफार वैद्यक वाचलेले एक गृहस्थ म्हणाले, “औषध आहे, घशाला चांगले.” मागून कोणी तरी म्हणाले, “थंडीत बरे वाटते, पी मुकाट्याने.” सगळे हसले. मुलाने पेला रिकामा केला आणि तो खेळायला पळाला. आम्ही मात्र तेथेच थांबलो. प्रश्न मुलाचा असला तरी आम्हांस तो नवा नव्हता. काही वर्षांपूर्वी त्याचे उत्तर देण्याची वेळ आमच्यावर आली होती, आणि ते आम्ही चुकीचे दिले होते.

त्या चुकीकडे येण्यापूर्वी, पातेल्यात काय असते ते पाहू. आमच्या घरी चार पेल्यांसाठी पाच पेले पाणी ठेवतात. त्यात चमचाभर भरडलेले धणे, अर्धा चमचा जिरे, पाच-सहा मिरे, बोटाच्या पेराएवढी ठेचलेली सुंठ, आठ-दहा तुळशीची पाने आणि गवती चहाच्या दोन पाती पडतात. पेलाभर पाणी आटले की सुपारीएवढा गूळ घालून पातेले उतरवायचे, झाकायचे आणि थोड्या वेळाने गाळायचे. दूध घालायचे असेल तर ते पातेले खाली उतरवल्यावर. चुलीवर गुळाबरोबर उकळले तर ते फाटते. आमच्या कोंकणी वाचकांच्या घरी हीच गोष्ट थोडी निराळी होते. तेथे धणे, जिरे, मिरे, बडीशेप आणि किंचित मेथी भाजून त्यांची पूड डब्यात भरून ठेवतात. हवी तेव्हा पाण्यात उकळून दूध-गूळ घालतात. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना पदार्थ बदलतात, पण पेला दोन्ही हातांत धरून पहिला घोट घेण्यापूर्वी त्याची वाफ डोळ्यांवर घेण्याची रीत बदलत नाही.

ह्या पेयास आम्ही औषध का म्हणू लागलो, ह्याचाही थोडा इतिहास आहे. चहा हा ह्या प्रदेशातला जुना रहिवासी नव्हे. आसामच्या रानातील चहाची झाडे १८२३ साली इंग्रजांच्या नजरेस आली. १९०३ साली चहावर अधिभार बसवणारा कायदा झाला आणि त्यातून जमणाऱ्या पैशांवर चहाच्या प्रचाराची व्यवस्था उभी राहिली. पुढे स्टेशने, बाजार आणि कचेऱ्या ह्यांच्या वाटेने तो गावोगाव पोहोचला. निजामी अमलाखालील आमच्या जिल्ह्यांत त्याला हैदराबादच्या इराणी दुकानांचीही जोड मिळाली. देवळाशी संबंध असलेल्या जुन्या मंडळींनी त्याला बरेच दिवस उंबऱ्याबाहेर ठेवले. चहा हे व्यसन, असे म्हणणाऱ्या पिढीला कषायाची बाजू घेताना कषाय हे औषध, असे म्हणणे सोयीचे झाले. गंमत अशी की, ज्या सुवासिक गवताला आम्ही आपले म्हणतो त्याचे नावसुद्धा परक्या पानावरून पडले. गवती चहा हे नाव चहा येण्यापूर्वी कसे असेल? शत्रूचे नाव आम्ही घरच्या गवताला दिले आणि त्याच गवताच्या बळावर शत्रूशी वाद घातला.

पण कषाय खरोखर औषध आहे काय? ज्यांच्या नावाने आपण हे म्हणतो त्यांनाच विचारावे. चरकाचार्यांनी हेमंत ऋतूची चर्या सांगताना म्हटले आहे की, बाहेरच्या थंडीमुळे शरीरातील अग्नी आत कोंडला जातो आणि बलवान होतो. त्याला पुरेसे इंधन मिळाले नाही तर तो शरीरातील रसच जाळू लागतो. म्हणून ह्या काळात त्यांनी दूध, उसापासून होणारे पदार्थ, तेल, नवे तांदूळ आणि ऊन पाणी ह्यांचा पुरस्कार केला आहे. वाग्भटांनी थंडीसाठी गोड, आंबट आणि खारट हे पहिले तीन रस सांगितले. कडू, तिखट आणि तुरट हे शेवटचे तीन रस त्यांनी वसंतासाठी राखले. म्हणजे निरोगी माणसाच्या थंडीतल्या पेल्यात शास्त्राला मान्य होण्यासारखे जे आहे ते मुख्यतः गूळ, दूध आणि ऊन पाणी हेच. ज्या मिऱ्या-सुंठीचा आपण एवढा डंका पिटतो, ती हेमंताच्या नित्यचर्येत नव्हे, तर कफाच्या विकारात शोभते. शार्ङ्गधराने काढ्याची रीत सांगितली आहे तीही पाहावी: औषधाच्या सोळापट पाणी घालायचे आणि आटवून आठवा हिस्सा उरवायचा. पाच पेल्यांचे चार पेले करणारा आमचा कषाय त्या मापाने काढा ठरत नाही. उकळत्या पाण्यात द्रव्य टाकून गाळून घेतलेल्या पातळ अर्काला शास्त्रात फांट म्हणतात. आमचा पेला त्याच्या जवळपास जातो, एवढेच.

आजच्या वैद्यकाचे म्हणणेही ह्याहून फार निराळे नाही. ऊन पेयाने घशाला आराम पडतो, सर्दीत मोकळे वाटते, आल्या-सुंठीने मळमळ कमी होते. परंतु ह्याने रोग अडतो, असे म्हणण्यास आधार नाही. उलट, मिरे आणि सुंठ अति झाली की पित्त उसळते, आणि कित्येक जण ज्येष्ठमध सढळ हाताने घालतात, त्याच्या अतिसेवनाने रक्तदाब वाढतो. औषध म्हणावे तर मात्रा पाळावी लागते, पथ्य पाळावे लागते, आणि ज्याला गरज नाही त्याने ते घेऊ नये, हेही मान्य करावे लागते. आम्ही ह्यांतले काहीच करत नाही. दुसरा पेला मागतो. औषधाचा दुसरा पेला कोणी हौसेने मागितल्याचे आम्ही तरी पाहिलेले नाही.

मग प्रश्न असा उरतो की, जे मुख्यतः सुखासाठी घेतो त्याला सुख म्हणण्याची आपणांस लाज का वाटते?

ह्या लाजेचे कारण सांगणारा पूर्वपक्ष दुबळा नाही, आणि देवळात वाढलेल्या वाचकांस तो परिचित आहे. व्रताचा महिना, पहाटेची वेळ, आणि देवापुढे उभे राहताना मन पातेल्याकडे! सदानंदांच्या वेदान्तसारात निर्विकल्प समाधीची चार विघ्ने सांगितली आहेत: लय, विक्षेप, कषाय आणि रसास्वाद. लय म्हणजे झोप, विक्षेप म्हणजे भटकणे. कषाय म्हणजे जुन्या आसक्तीच्या संस्काराने मनाला आलेला ताठरपणा. रसास्वाद म्हणजे वाटेत लाभलेल्या सुखाचीच चव घेत थांबणे. काकड आरतीला डोळे मिटून उभ्या असलेल्या आमच्यासारख्या माणसाची चारही विघ्ने एका पातेल्यात सापडावीत, हा योगायोग खराच मजेदार आहे.

कषाय ह्या शब्दाची ही फिरत थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. तुरट चव म्हणजे कषाय. झाडाची साल उकळून काढलेला अर्क म्हणजे कषाय. त्या अर्कात रंगवलेले संन्याशाचे वस्त्र ते काषाय. जैन आचार्यांनी तर आत्म्याला माखणाऱ्या क्रोध, मान, माया आणि लोभ ह्या चार विकारांस कषाय म्हटले. आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील, कागिणा नदीकाठचे मळखेड ही एके काळी राष्ट्रकूटांची राजधानी होती; नवव्या शतकात अमोघवर्षाच्या काळी तेथे जैन आचार्यांचा मोठा वावर होता, आणि हा शब्द ह्या अर्थाने तेथे कितीदा उच्चारला गेला असेल! ह्या सर्व अर्थांना धरून ठेवणारी गोष्ट एकच: रंग चढणे. पाण्यावर सालीचा रंग चढतो, वस्त्रावर पाण्याचा, मनावर वासनेचा. म्हणजे एकाच शब्दात वैराग्याचे वस्त्रही आहे आणि ज्याचा त्याग करायचा तो डागही आहे. कोणता अर्थ घ्यायचा हे शब्द ठरवत नाही. रंग कशावर चढला आणि पुढे काय झाले, त्यावरून ते ठरते.

पूर्वपक्षाचा दुसरा आधार भगवद्गीतेचा. सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सांगताना तिखट, अति उष्ण आणि तीक्ष्ण पदार्थ राजस मनुष्याला प्रिय असतात, असे म्हटले आहे. आमच्या पेल्याचे वर्णन करायला ह्याहून वेगळे शब्द कशाला हवेत? परंतु श्रीशंकराचार्यांनी तेथे भाष्यात एक गोष्ट लक्षात आणून दिली आहे: ‘अति’ हा शब्द केवळ उष्णाला नव्हे, तर तिखट, आंबट, खारट ह्या सर्वांना लावायचा. दोष तिखटात नाही, अतितिखटात आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट त्याच्या आधीच्या श्लोकात आहे, आणि ती आपण वाचूनही वाचत नाही. सात्त्विक आहार काय वाढवतो हे सांगताना आयुष्य, सत्त्व, बल आणि आरोग्य ह्यांच्या पंक्तीत सुख आणि प्रीती ह्यांनाही स्थान दिले आहे. आरोग्याला वर आणि सुखाला खाली बसवलेले नाही. पंगत एकच आहे. ज्या ग्रंथाचा आपण सुखाविरुद्ध साक्षीदार म्हणून आधार घेतो, त्यानेच सुखाला सात्त्विकाच्या लक्षणांत बसवले आहे, आणि लगेच त्याच्या शेजारी प्रीती ठेवली आहे. ही शेजारणी कशासाठी, ते आम्हांस पुस्तकातून नव्हे, शेजाऱ्यांकडूनच कळले.

आता आमच्या चुकीची गोष्ट. कोरोनाने झालेला आपल्या देशातील पहिला नोंदलेला मृत्यू कलबुर्गीतला. मार्च २०२० मधला. त्या दिवसांत ह्या दोन जिल्ह्यांत भय कसे पसरले, हे ज्यांनी अनुभवले त्यांस सांगायला नको. केंद्राच्या आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ आणि मनुका ह्यांचा काढा दिवसातून एक-दोनदा घ्यावा, अशी सूचना प्रसिद्ध केली. हा त्या रोगावरचा उपचार नव्हे, असेही तेथे म्हटले होते. पण भ्यालेला माणूस पहिली ओळ वाचतो आणि शेवटची सोडून देतो. आमच्या घरी सकाळ-संध्याकाळ काढा होऊ लागला. तो आम्ही मोजून पीत होतो, एखादे कवच चढवावे तसा.

आषाढात आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातील गृहस्थांस तो आजार झाला आणि त्यांस इस्पितळात नेले. घरात त्यांची पत्नी आणि शाळकरी मुलगा एवढेच राहिले. दारावर कागद चिकटला. धान्य-भाजी उंबऱ्यावर ठेवून माणसे मागे सरत. त्या चौदा-पंधरा दिवसांत आम्ही दोनदा फोन करून चौकशी केली आणि काही लागले तर सांगा, असे म्हटले. त्यांनी काही लागत नाही, असे सांगितले, आणि आमचे समाधान झाले. मधल्या भिंतीच्या अलीकडे आमचे पातेले दिवसातून दोनदा उकळत होते.

ते गृहस्थ बरे होऊन घरी आले. पुढे डिसेंबर लागला, धनुर्मास आला, देऊळ उघडे होते. एका पहाटे आरतीनंतर त्या बाई आपल्या घरून कषायाचे पातेले घेऊन आल्या आणि पेले भरू लागल्या. पहिला पेला त्यांनी आमच्या कुटुंबाच्या हाती दिला. आमच्या घरच्यांनी घोट घेऊन म्हटले, “छान झालाय हो.” त्यावर त्या सहज म्हणाल्या, “तुमच्या घरचाच बेत आहे, अक्का. आषाढात रोज दोन वेळा वास यायचा ना. तुमची सुंठ जरा जास्त पडत होती. मी भिंतीशी येऊन उभी राहायची. वास आला की जिवाला बरं वाटायचं. म्हणायची, नाक अजून शाबूत आहे, म्हणजे मला झालेलं नाही.”

वास जाणे हे त्या रोगाचे एक लक्षण होते, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. त्या बाईंच्या बोलण्यात उपरोध नव्हता. उपरोध असता तर आम्हांस उत्तर देता आले असते.

हा प्रसंग सांगण्याचा हेतू आत्मनिंदेचा नाही. तीही एक प्रकारची चैनच असते. आम्हांस शोधायचे आहे ते एवढेच की, आमच्यासारखी, मनाने दुष्ट नसलेली माणसे पंधरा दिवस एक पेला भिंतीपलीकडे का पोचवू शकली नाहीत? अंतर राखणे हा त्या काळचा धर्म होता, हे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. परंतु अंतर राखूनही वस्तू पोचत होत्या. भाजी पोचत होती, दूध पोचत होते. भिंतीवर झाकलेला तांब्या ठेवून मागे सरणे अवघड नव्हते. भय होते, हेही खरे. पण भयाने हात थांबतो, विचार थांबत नाही. आमच्या मनात तो विचारच आला नव्हता. तो का आला नाही?

आमचे उत्तर असे आहे. आम्ही त्या पेल्याला औषध म्हणत होतो. औषध हे ज्याचे त्याचे असते. शेजारच्या घराला औषध देणारे डॉक्टर होते, इस्पितळ होते. आमच्या घरगुती औषधाची तेथे काय गरज, असे मनाने न बोलताच ठरवून टाकले. त्याच पेल्याला आम्ही त्याच्या खऱ्या नावाने, म्हणजे थोडे बरे वाटण्याचे साधन, असे म्हटले असते, तर ह्या गल्लीत आज बरे वाटण्याची सर्वांत जास्त गरज कोणाला आहे, हा प्रश्न लहान मुलालाही सुचला असता. आम्ही आपल्या सुखाचे नाव लपवले, आणि त्या लपवण्यात दुसऱ्याच्या दुःखाची खूण हरवली. ज्याला स्वतःला ऊब हवी असते हे कबूल करता येत नाही, त्याला दुसरा कुडकुडतो आहे हे दिसले तरी उमजत नाही. सात्त्विक आहाराच्या त्या यादीत सुखाला लागून प्रीती का बसवली असावी, ते आता आमच्या ध्यानात येते. सुख ओळखता आले तरच ते दुसऱ्याकडे सरकवता येते.

ह्याची दुसरी बाजूही नेहमीच्या व्यवहारात दिसते. स्वतःच्या सुखास औषध म्हणणारे आपण दुसऱ्याच्या गरजेस मात्र चटकन चैन म्हणतो. थंडीत उघड्यावर बांधकाम करणारा मजूर दिवसातून चार वेळा चहा पितो, तेव्हा आपण त्याच्या पैशांच्या उधळपट्टीबद्दल हळहळतो. आपल्या हातातला तिसरा पेला मात्र प्रकृतीसाठी असतो.

मग कषायाला प्रसाद म्हटले की सर्व प्रश्न मिटतात काय? पुजाऱ्यांनी त्या मुलाला तेच सांगितले होते. प्रसाद ह्या शब्दात एक मोठा गुण आहे: जो प्रसाद म्हटला तो एकट्याचा राहत नाही. नैवेद्य दाखवण्यापूर्वी करणाऱ्यानेही चव घ्यायची नसते; म्हणजे रसास्वादाची पहिली घाई तेथेच मोडते. पण ह्या शब्दाआडही लपता येते. प्रसाद देणारा हात वर असतो आणि घेणारा खाली. रांगेतल्या कोणाला पितळी पेला, कोणाला कागदी, आणि पायरीवर बसलेल्या झाडूवाल्या बाईला सर्वांत शेवटी, उरला तर, हा भेद प्रसादाच्या नावाखाली आम्ही आमच्या डोळ्यांनी वर्षानुवर्षे पाहिला आणि त्यात काही खुपले नाही. पदार्थ देवाचा, पण वाटणाऱ्याचा अहंकार त्याचा स्वतःचाच.

सुदैवाने ह्याच मातीत त्यावरचे उतारेही आहेत. बाराव्या शतकात बीदर जिल्ह्यातील कल्याणनगरीत बसवण्णांनी आणि शरणांनी कायक आणि दासोह हे दोन शब्द लोकांच्या हाती दिले. दासोह म्हणजे दान नव्हे. देणाऱ्याने दास होऊन देणे. दानात मी दिले हे उरते, दासोहात ते उरू नये, अशी अपेक्षा असते. कलबुर्गीच्या शरणबसवेश्वरांचे नाव आजही ह्या दासोहासाठीच घेतले जाते. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात श्रीमाणिकप्रभूंनी एकोणिसाव्या शतकात सकलमताचा उपदेश केला. मार्गशीर्षातील दत्तजयंतीला तेथे भरणारा मेळा ऐन थंडीत भरतो, आणि तेथे येणाऱ्याची भाषा किंवा पंथ विचारला जात नाही. आणि भीमा-अमरजेच्या संगमावरचे गाणगापूर! तेथे मधुकरीची रीत आहे. घरी चार पिढ्यांना पुरेल एवढे असणारा मनुष्यही झोळी घेऊन दुपारी घरोघर उभा राहतो. साक्षात दत्तगुरू ह्या वेळी भिक्षेसाठी ह्या गावात फिरतात, अशी श्रद्धा असल्यामुळे दारातला कोण आणि देव कोण, हे देणाऱ्यालाही ठरवता येत नाही. दासोह देणाऱ्याला खाली उतरवतो, मधुकरी घेणाऱ्याची लाज काढून घेते. दोन्ही मिळून जे शिकवतात ते आमच्या सभामंडपातील पातेल्याला कमी पडत होते.

आणखी एक उदाहरण देवळाबाहेरचे. मार्गशीर्ष अमावास्या ही आमच्या भागात, आणि शेजारच्या लातूर-धाराशिवकडेही, वेळ अमावास्या म्हणून साजरी होते. कानडी बोलणारे तिला एळ्ळ अमावास्या म्हणतात. हरभरा आणि ज्वारी उभी असते. शेतात कडब्याची खोप करून पांडवांची आणि लक्ष्मीची पूजा होते. बाजरीची भाकरी, शेंगा-डाळी आणि भाज्यांची भज्जी, आणि मडक्यातील आंबील. ताक आणि ज्वारीचे पीठ ह्यांची ती आंबील ऐन थंडीत गारच पितात. वाटेने जाणाऱ्याला हाक मारून खोपीत बसवल्याखेरीज शेतकऱ्याचा सण पुरा होत नाही. त्या आंबिलीला कोणी औषध म्हणत नाही, तिच्या गुणांची यादी कोणी वाचत नाही. तरी घरी परतताना माणसाला ऊब आलेली असते. ऊब पेयात असते की हाकेत, हे त्या दिवशी कळते.

१९५६ साली नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि हे जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले. जुन्या बीदर जिल्ह्याचा काही भाग मुंबई राज्यात गेला. रेषेच्या दोन्ही बाजूंना आंबील तीच राहिली, धुंधुरमास तोच राहिला. माणसांनी आखलेल्या रेषा वास ओलांडतो, हे आम्ही आमच्या घरच्या भिंतीवरून शिकलो.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळून लेख पुरा करतो. बाळा, तो पेला थोडासा औषध आहे. पण तेवढ्यासाठी त्याचा गर्व करू नये आणि आजारी पडलास तर त्याच्यावर विसंबून डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये. तो पुष्कळसा सुख आहे; आणि त्याला सुख म्हणण्यात पाप नाही, पाप आहे ते त्याचे नाव लपवण्यात. तो प्रसाद आहे किंवा नाही, हे मात्र पातेल्याकडे पाहून सांगता येत नाही. ते पेला कोणाकोणाकडे गेला, त्यावर ठरते.

आमच्या देवळात आता एवढा एक बदल झाला आहे. सर्वांस एकाच प्रकारचे पेले असतात, आणि पहिला पेला आरतीच्या मानकऱ्यास न देता आधी पायऱ्यांवर जातो. हा काही मोठा पराक्रम नव्हे, आणि अजूनही एखाद्या पहाटे थंडीने हात आपोआप आपल्याच पेल्याकडे वळतो. अशा वेळी भिंतीशी उभ्या राहून श्वास घेणाऱ्या त्या बाई आम्हांस आठवतात. सुंठही हल्ली आम्ही जरा बेतानेच घालतो.